ठाणे खाडीवरची हेलिकॉप्टरं : एकमेकांवर आदळू नयेत म्हणून नेमकं कोण काय करतं?

कोपरखैरणेकर
शनिवार, रात्री ९.४०

२५ डिसेंबर २०२५ ला उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाहून प्रवासी विमानं उडायला लागली आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवर नवीनच खूळ सुरू झालं. फोनवर विमानं दाखवणारं अ‍ॅप उघडायचं आणि डोक्यावरचं विमान सांताक्रूझचं (म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाचं) की उलव्याचं यावर पैजा लावायच्या. विमानांचं गणित सोपं आहे. सांताक्रूझच्या २७ नंबरच्या रनवेवर उतरणारी विमानं पूर्वेकडून येतात. उतार तीन अंशांचा, म्हणजे सागरी मैलाला साधारण ३०० फूट. त्या हिशेबाने वाशी-कोपरखैरण्यावर ती २००० फुटांच्या आसपास असतात आणि खाडीच्या मध्यावर १४००-१५०० फुटांवर. एकामागून एक, एका ओळीत, घड्याळ लावून घ्यावं अशी.

हेलिकॉप्टरचं काहीच कळत नाही. कधी पारसिकच्या डोंगराच्या कडेने, कधी पाम बीच रस्त्यावरून, कधी सरळ खाडी कापून मुलुंडकडे. काही अ‍ॅपवर दिसतात. काही डोळ्यांना दिसतात, आवाजही येतो, आणि अ‍ॅपवर मात्र त्या जागी कोरं आकाश. प्रचाराच्या दिवसांत तर विचारायलाच नको.

हा धागा काढायचं कारण वॉशिंग्टनचा अपघात. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री तिथल्या रेगन विमानतळावर उतरणारं प्रवासी जेट आणि अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक पोटोमॅक नदीवर आदळले. जेटमधले ६४ आणि हेलिकॉप्टरमधले ३, एकूण ६७ जण गेले. त्याच्या चौकशीबद्दल जे वाचलं त्याने मी चक्रावलोय. मला वाटत होतं कोणीतरी वाट चुकला असणार. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर आखून दिलेल्या वाटेवरच होतं. त्या वाटेची कमाल उंची तिथे २०० फूट, आणि हे होतं २७८ फुटांवर. पण २०० फुटांवर असतं तरी काय? ३३ नंबरच्या रनवेवर उतरणारं विमान आणि काठावरून जाणारं हेलिकॉप्टर यांच्यात जास्तीत जास्त ७५ फुटांचं अंतर उरतं, असं तपास यंत्रणेनेच सांगितलं. सात मजल्यांची इमारतही त्यात धड बसायची नाही. आणि हे नकाशावर छापलेलं होतं, वर्षानुवर्षं वापरात होतं.

माझं मत आधीच सांगतो, मग ठोका. पायलटने डोळे उघडे ठेवावेत हा उपाय पुरेसा नाही. गर्दीच्या शहरात टक्कर टाळायची तर ती नकाशावरच टाळायला हवी : कोणी कुठल्या काठाने जायचं, किती उंचीवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कुठे पोचल्यावर बोलायचं. आपल्या डोक्यावर आता दोन मोठे विमानतळ आहेत, शिवाय जुहूचा छोटा विमानतळ, कुलाब्याचं नौदलाचं शिक्रा आणि कोलशेतचा हवाई दलाचा तळ. जाणकारांनी लिहावं. इथे एक-दोन जण या क्षेत्रातले आहेत हे मला माहीत आहे, लपू नका.

---

भोचक भवानी
शनिवार, रात्री ९.५२

रुमाल टाकून ठेवते. काका लोक आले की वाचेन.

---

तीन हात नाका
शनिवार, रात्री १०.१५

धागाकर्ते, उगाच घाबरवताय. आकाश म्हणजे काय माझ्या नावाचा चौक आहे का, चारी बाजूंनी रिक्षा घुसायला? खाडी दोन-तीन किलोमीटर रुंद, वर हजार फूट मोकळे, त्यात एखादं हेलिकॉप्टर. लॉटरी लागायची शक्यता जास्त. वॉशिंग्टनचं उदाहरण लष्कराचं आणि रात्रीचं, ते इथे लावू नका.

---

पंख्याखाली
शनिवार, रात्री ११.३०

धागाकर्त्यांचा टोमणा पोचला. मी हेलिकॉप्टर चालवत होतो, बराच काळ समुद्रातल्या तेलाच्या रिगवर ये-जा केली, आता ठाण्यात निवृत्त आहे.

तीन हात नाका, आकाश मोठं आहे हे खरंच. पण हेलिकॉप्टरं सगळ्या आकाशात पसरून उडत नाहीत. सगळ्यांना हवा असतो तोच पूल, तीच खाडी, तोच हमरस्ता, कारण इंजिन बंद पडलं तर उतरायला मोकळी जागा खाली हवी आणि वाट ओळखायला खूण समोर हवी. उंचीही सगळ्यांची तीच, ५०० ते १००० फूट. पावसाळ्यात ढग खाली आले की त्यातलीही वरची अर्धी जाते. तुमचं हजार फुटांचं मोकळं आकाश जुलैत दोन-तीनशे फुटांची पट्टी होतं, आणि सगळे त्याच पट्टीत.

दिवसाढवळ्याची, बिनलष्करी उदाहरणं हवीत ना? २७ जुलै २००७, अमेरिकेतलं फिनिक्स शहर. पोलीस एका गाडीचा पाठलाग करत होते, त्यावर घिरट्या घालणारी दोन बातमी वाहिन्यांची हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळली, चौघे गेले. लख्ख ऊन, दोन्ही पायलट अनुभवी, एकमेकांशी रेडिओवर बोलणारे. पण तेच पायलट थेट प्रक्षेपणात वार्तांकनही करत होते, नजर खालच्या गाडीवर. २ जानेवारी २०२३, ऑस्ट्रेलियातला गोल्ड कोस्ट. पर्यटकांना फिरवणारी एकाच कंपनीची दोन हेलिकॉप्टरं, एक उठत होतं, एक उतरत होतं. यातही चौघे गेले. उतरणाऱ्या पायलटला दुसऱ्याचा रेडिओ कॉल ऐकूच आला नव्हता. आपल्याकडचं उदाहरण लष्करी आहे, पण सांगतोच : ३० ऑगस्ट २०१२ ला जामनगरजवळ हवाई दलाची दोन एमआय-१७ हवेत आदळून ९ जण गेले.

आता डोळ्यांबद्दल. लोकांना वाटतं पायलटला दिसत कसं नाही. टकरीच्या मार्गावर असलेली वस्तू काचेवर सरकत नाही. ती एकाच जागी ठिपक्यासारखी राहते आणि हळूहळू मोठी होते. आपले डोळे हालचाल टिपायला तयार झालेले आहेत, न हलणारा ठिपका त्यांना काचेवरच्या डागासारखाच वाटतो. तो मोठा झालेला जाणवतो तो शेवटच्या काही सेकंदांत. अमेरिकी विमान वाहतूक खात्याने पायलटांसाठी काढलेल्या पत्रकात हिशेब दिलाय : वस्तू दिसणं, ती काय आहे ते कळणं, टक्कर होणार हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि मग यंत्र वळणं, सगळं धरून साडेबारा सेकंद. दोन हेलिकॉप्टरं १२० नॉटने (ताशी साधारण २२० किलोमीटर) समोरासमोर येत असतील तर साडेबारा सेकंदांत त्यांच्यातलं दीड किलोमीटर संपतं. म्हणजे दीड किलोमीटरवरून दुसरं हेलिकॉप्टर दिसायला हवं, समोरून, तेही डिसेंबरच्या संध्याकाळी धुरक्यात, सूर्य डोळ्यांवर असताना. ऐरोली पुलावर उभं राहून दीड किलोमीटरवरचा टेम्पो ओळखून दाखवा.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. हेलिकॉप्टरचा मुख्य पायलट उजव्या खुर्चीत बसतो, विमानाचा डाव्या. त्यामुळे विमान हेलिकॉप्टरच्या डावीकडून येत असेल तर दोघेही एकमेकांच्या आंधळ्या बाजूला असतात. नियमाने वाट सोडायची विमानाने, कारण समोरचा त्याच्या उजवीकडे आहे. पण त्याला उजवीकडचंच कमी दिसतं, मध्ये शेजारची खुर्ची आणि दरवाजाची चौकट. नियम बरोबर आहे, खुर्च्या उलट्या आहेत.

८ ऑगस्ट २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर छोटं विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर आदळून ९ जण गेले. हेलिकॉप्टर खालून वर चढत होतं, विमान मागून येत होतं. अशा वेळी विमानवाल्याला खालचं त्याच्याच नाकाने आणि पंखाने झाकलेलं, हेलिकॉप्टरवाल्याला मागचं दिसायचा प्रश्नच नाही. तपासाच्या निष्कर्षात 'पाहा आणि टाळा' या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट लिहिल्या आहेत, आणि त्यानंतर तिथले नियम बदलले. कसे ते उद्या लिहितो, उशीर झाला.

---

तीन हात नाका
रविवार, सकाळी ८.०५

बरं, चूप बसतो. तरी एक विचारतो. मोठ्या विमानात ते 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' ओरडणारं यंत्र असतं ना? चरखी दादरीनंतर सक्तीचं केलेलं. ते हेलिकॉप्टरला लावा, विषय संपला.

---

टॉवरवाली
रविवार, सकाळी १०.२०

पंख्याखाली यांनी लिहिलंय म्हटल्यावर मलाही लिहिणं भाग आहे, नाहीतर फोन करतील. मी हवाई वाहतूक नियंत्रणात होते. मुंबईतच नव्हे, बऱ्याच ठिकाणी.

आधी यंत्राबद्दल. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं आदळून ३४९ लोक गेले, त्यानंतर भारताने हे यंत्र सक्तीचं केलं, बरोबर. पण त्यात दोन प्रकारची सूचना असते. पहिली फक्त सावध करते : आसपास कोणीतरी आहे. दुसरी हुकूम देते : वर जा, खाली जा. हा हुकूम जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली यंत्र स्वतःच बंद ठेवतं, कारण 'खाली जा' म्हणावं तर खाली जमीन, आणि उतरण्याच्या गडबडीत खोटे हुकूम फार येतात. वॉशिंग्टनच्या जेटमध्ये हे यंत्र होतं. टकरीच्या सुमारे वीस सेकंद आधी त्याने 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' म्हटलंही. हुकूम दिला नाही, देणारच नव्हतं. आणि हेलिकॉप्टरचं सगळं आयुष्यच त्या १००० फुटांच्या खाली जातं. म्हणून हेलिकॉप्टरमध्ये सहसा नुसती सावध करणारी सोपी आवृत्ती असते. तिचा उपयोग आहेच, कुठे बघायचं ते कळतं. पण विषय संपत नाही.

धागाकर्त्यांना अ‍ॅपवर काही हेलिकॉप्टरं का दिसत नाहीत, तर ती अ‍ॅपं मुख्यतः एडीएस-बी नावाच्या संदेशावर चालतात. यंत्र जीपीएसवरून स्वतःची जागा काढून दर सेकंदाला जाहीर करतं. ते बसवलेलं नसेल, बंद असेल, किंवा तुमच्या भागातल्या घरगुती रिसीव्हरच्या आड डोंगर असेल तर कोरं आकाश. म्हणजे अ‍ॅपवर नाही याचा अर्थ टॉवरलाही माहीत नाही असा होत नाही. तिथे रडार असतं, ट्रान्सपाँडरचा (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राचा) कोड असतो, पायलटचा आवाज असतो. मात्र रडार आणि रेडिओ दोन्ही सरळ रेषेत जातात. पारसिक किंवा येऊरच्या डोंगरामागे खूप खाली उतरलं की दोन्ही तुटतात. वॉशिंग्टनचं ब्लॅक हॉक एडीएस-बी प्रसारित करत नव्हतं, हा तिथे मोठा वादाचा मुद्दा झाला.

आता जे सांगतेय त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. नजरेने उडणाऱ्या दोन हेलिकॉप्टरांमध्ये अंतर राखणं हे बहुतेक नियंत्रित हवेतही कंट्रोलरचं काम नसतं. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सी आणि डी वर्गाच्या हवेत अशा दोघांना आम्ही एकमेकांची माहिती देतो : तुमच्या अकराच्या दिशेला, दोन मैलांवर, हेलिकॉप्टर, समोरून येतंय. पुढे त्यांनी पाहायचं आणि टाळायचं. उपकरणांवर उडणारी प्रवासी विमानं वेगळी, त्यांच्यातलं अंतर आमच्या डोक्यावर. त्यामुळे 'टॉवर आहे ना' म्हणून निर्धास्त होऊ नका.

वॉशिंग्टनला तेच झालं. कंट्रोलरने विचारलं, जेट दिसतंय का? हेलिकॉप्टरने सांगितलं दिसतंय, आम्ही नजरेने अंतर ठेवतो. त्या क्षणी जबाबदारी तिकडे गेली. रात्री शहराच्या दिव्यांत त्यांनी बहुधा दुसरंच विमान पाहिलं होतं. नंतर कंट्रोलरने 'जेटच्या मागून जा' असं सांगितलं, तर त्यातलं 'मागून जा' एवढंच हेलिकॉप्टरला ऐकू गेलं नाही, कारण त्याच सेकंदात त्यांचं बटण दाबलेलं होतं. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच बोलू शकतो. विमानांचं आणि हेलिकॉप्टरांचं काम तेव्हा एकच माणूस सांभाळत होता. माझ्या नोकरीत दोन खुर्च्यांचं काम एका खुर्चीवर आलेलं मी पाहिलंय, त्यामुळे तो भाग वाचताना पोटात गोळा आला. जास्त लिहीत नाही.

---

भोचक भवानी
रविवार, सकाळी १०.४१

बापरे. टॉवरवाली ताई, म्हणजे 'दिसतंय' म्हटलं की झालं? कुठलं दिसतंय हे कोणी विचारत नाही?

---

टॉवरवाली
रविवार, सकाळी ११.००

विचारतो ना. विमानाचा प्रकार, दिशा, उंची सांगूनच विचारायचं असतं. पण अंधारात चार दिवे एका रेषेत असतील तर प्रकार कसा ओळखणार? म्हणूनच ज्या हवेत चूक व्हायला जागा आहे तिथे 'दिसतंय' वर काम सोडू नये. धागाकर्त्यांशी मी इथे पूर्ण सहमत.

---

पंख्याखाली
रविवार, दुपारी ४.१०

काल अर्धवट सोडलं होतं. हडसनवर अपघातानंतर काय केलं : १३०० फुटांच्या खालची नदीवरची हवा वेगळी काढली. ज्यांना नुसतं पार जायचंय ते १००० ते १३०० मध्ये, जे घिरट्या घालणारे, उतरणारे, चढणारे ते १००० च्या खाली. उत्तरेकडे जाणारा न्यूयॉर्कच्या काठाने, दक्षिणेकडे जाणारा न्यू जर्सीच्या काठाने, म्हणजे प्रत्येक जण आपल्या उजव्या काठाला. वेग १४० नॉटच्या आत. दिवे चालू. सगळ्यांची एकच फ्रिक्वेन्सी आणि ठरलेल्या खुणांवर ठरलेलं वाक्य. हे आधीही बऱ्यापैकी होतं, पण ऐच्छिक. अपघातानंतर सक्तीचं झालं. यात एक रुपयाचं यंत्र नाही बघा, कागद आणि शिस्त. त्याही आधी १९८६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर पर्यटकांचं विमान आणि हेलिकॉप्टर आदळून २५ गेले, तेव्हाही उपाय हाच : विमानांच्या वाटा वेगळ्या, हेलिकॉप्टरच्या वेगळ्या, उंच्या वेगळ्या.

साओ पाउलोने वेगळी तऱ्हा केली. तिथे शेकड्यांनी हेलिकॉप्टरं, इमारतींच्या माथ्यावर पॅड. कोंगोन्यास विमानतळाच्या उतरण्याच्या पट्ट्यात जाणाऱ्या हेलिकॉप्टरांसाठी २००४ पासून नियंत्रकाची वेगळी खुर्चीच बसवलीय.

आता ठाणे खाडी. हडसनचा नियम जसाच्या तसा लावला तर ठाण्याकडे जाणाऱ्याने ऐरोलीचा काठ धरायचा, ट्रॉम्बेकडे येणाऱ्याने मुलुंड-विक्रोळीचा. ऐकायला छान. पण वाशी पुलाच्या खाली पश्चिम काठावर भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तिथे उड्डाणाला बंदी. म्हणजे दक्षिणेला येणारा पुलाच्या आधीच पूर्वेला सरकणार, नेमका समोरून येणाऱ्याच्या काठावर. तिथेच वरून २७ वर उतरणाऱ्या विमानांची रांग. वाट आखायची तर सगळं डोकं या दोन-तीन किलोमीटरसाठी लावावं लागेल. बाकीची खाडी सोपी आहे, आपले उच्चदाबाच्या तारांचे मनोरे सोडले तर.

आणि विमानांच्या रांगेखालून जाताना नुसतं अंतर पाहून चालत नाही. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे भोवरे सुटतात आणि ते मिनिटाला काहीशे फूट खाली बसत जातात. चारशे-पाचशे फूट खालून गेलो, टक्कर टळली, पण भोवऱ्यात सापडलो तर रोटरला ते झेपेलच असं नाही. मी अशा ठिकाणी शक्य तितकं खालून आणि काटकोनात पार व्हायचो. उगाच रेंगाळायचं नाही.

---

पाणथळ
रविवार, सायं. ६.३०

पंख्याखाली, 'शक्य तितकं खालून' वाचून दचकले. ती खाडी म्हणजे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ ला अधिसूचित, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. थंडीत आणि उन्हाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी असतात आणि भरती-ओहोटीप्रमाणे जागा बदलतात. भरतीला चिखल बुडाला की थवे उठून सीवूड्सच्या तलावांकडे येतात, तेही तुमच्याच ३००-४०० फुटांतून, कधीकधी रात्री. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाला घाटकोपरवर थवा धडकला आणि ३९ च्या आसपास पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं. हेलिकॉप्टरची काच फुटली तर?

म्हणून वाट आखताना भरतीचं कोष्टकही टेबलावर ठेवा, एवढीच विनंती.

---

पंख्याखाली
रविवार, सायं. ६.४८

मान्य. आम्ही समुद्रावर घारी आणि बगळ्यांपुरताच विचार करत होतो, थव्यांच्या वेळांचा अभ्यास कोणी करत नसे. वेळा ठाऊक असतील तर त्या तासापुरती उंची बदलता येते, पायलटांना तशी सूचना काढण्याची पद्धत आहेच.

---

उलवेकर
रविवार, रात्री ८.१५

सगळे नदी-खाडी करताय. आमच्याकडे कोण बघणार? उलव्यात विमानांचा आवाज सुरू झालाच आहे. आता हेलिकॉप्टरसाठी वाट 'आखली' की ती कोणाच्या तरी घरावरून कायमची जाणार. आज इकडून, उद्या तिकडून जातात ते परवडलं. नकाशावर रेघ आली की दर अर्ध्या तासाला तिथेच. माझी मुलगी दहावीला आहे हो. सुरक्षितता सगळ्यांना हवी, रेघ मात्र दुसऱ्याच्या गच्चीवरून.

---

कोपरखैरणेकर
रविवार, रात्री ८.५०

उलवेकर, मुद्दा रास्त आहे आणि मला त्याचं सोपं उत्तर सापडत नाही. वाटा विखुरल्या की आवाज वाटला जातो, पण कोण कुठून येईल याचा भरवसा राहत नाही. एकत्र केल्या की उलट. न्यूयॉर्क, लंडन दोन्हीकडे वाटा नदीवरून नेल्या त्यात हेही कारण आहे की नदीवर कोणी राहत नाही. लंडनमध्ये एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरांना मध्यभागात थेम्सच धरून जावं लागतं. तुमच्याकडे विमानतळाच्या पश्चिमेला पाणी आहे, अटल सेतू आहे. पण ०८ नंबरच्या रनवेवर उतरणारी विमानंही त्याच बाजूने येणार, म्हणजे पुन्हा तेच क्रॉसिंग. टॉवरवाली ताई, दोन विमानतळांच्या मधून हेलिकॉप्टर जातं तेव्हा बोलायचं कोणाशी?

---

टॉवरवाली
रविवार, रात्री ९.३०

ज्याच्या हद्दीत आहे त्याच्याशी. हद्द ओलांडण्याआधी एक युनिट दुसऱ्याला सांगतं, हे हेलिकॉप्टर अमुक कोडवर, अमुक उंचीवर, अमुक खुणेवर तुमच्याकडे येतंय. मग पायलट फ्रिक्वेन्सी बदलतो. धोका त्या बदलण्याच्या क्षणात असतो. जुनी सोडली, नवीवर अजून कोणी उत्तर दिलं नाही, त्या अर्ध्या मिनिटात तो एकटा आहे. हडसनच्या विमानाचं असंच झालं होतं. एका टॉवरने दुसऱ्याकडे सोपवलं, पायलटने नवी फ्रिक्वेन्सी चुकीची परत म्हटली, कंट्रोलर त्या वेळी फोनवर कामाबाहेरचं बोलत होता. विमान कोणाच्याच संपर्कात नव्हतं.

म्हणून हद्दीची रेघ गर्दीच्या खुणेवर ओढू नये. वाशी पूल सगळ्यांना ओळखता येतो म्हणून सगळे तिथेच 'वाशी पूल' म्हणतात, तिथेच वळतात आणि तिथेच फ्रिक्वेन्सी बदलतात. तीन कामं एका जागी. मला विचाराल तर फ्रिक्वेन्सी ऐरोली पुलावरच बदलून घ्यावी आणि वाशीला फक्त बाहेर बघावं.

आवाजाबद्दल उलवेकरांची बाजू कुणीतरी लेखी मांडायलाच हवी. वाट छापून आल्यावर बदलणं फार कठीण असतं. वॉशिंग्टनची ती वाट कितीतरी वर्षं तशीच राहिली आणि ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ मध्ये तिथे हेलिकॉप्टर आणि विमान धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,००० हून अधिक नोंदी सरकारी माहितीसाठ्यात पडून होत्या. कोणी बेरीज केली नाही.

---

तीन हात नाका
रविवार, रात्री ९.४४

१५,०००? बरं झालं गप्प बसलो.

---

फ्रेममध्ये या
रविवार, रात्री १०.०५

मी लग्नाचं शूटिंग करतो, ड्रोन आहे. येऊरच्या पायथ्याला, घोडबंदरला बरीच कामं असतात. पार्टी म्हणते अजून वर घ्या, अजून वर घ्या. ४०० फुटांपर्यंत चालतं ना सगळीकडे?

---

टॉवरवाली
रविवार, रात्री १०.२२

सगळीकडे नाही! ४०० फूट हे हिरव्या पट्ट्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांत चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच हिरवा आहे, त्याच्या वर आणि ८ किलोमीटरच्या आत पिवळा, म्हणजे नियंत्रकाची परवानगी हवी. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. तुमच्या भागात कोलशेतचा तळही आहे. दर वेळी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर जागा टाकून बघा, पार्टीच्या म्हणण्यावर जाऊ नका. नवीन विमानतळ आल्यावर नवी मुंबईतले रंग बदललेत, जुन्या आठवणीवर उडवू नका.

---

पंख्याखाली
रविवार, रात्री १०.४०

आणि हेलिकॉप्टर येताना ऐकू आलं तर वाट न बघता ड्रोन खाली. तुम्हाला आम्ही दिसतो, आम्हाला तुम्ही दिसत नाही.

---

भोचक भवानी
सोमवार, सकाळी ९.१५

शेवटची शंका. उंची उंची सगळे म्हणताय, पण प्रत्येकाचं उंचीचं घड्याळ एकच आकडा दाखवतं याची खात्री कोण देतं?

---

पंख्याखाली
सोमवार, सकाळी ९.५८

भवानीबाई, हा प्रश्न परीक्षेत विचारतात. ते यंत्र हवेचा दाब मोजतं, त्यामुळे त्या दिवसाचा दाब त्याला सांगावा लागतो, क्यूएनएच म्हणतात त्याला. टॉवर तो सांगतो, पायलट परत म्हणून दाखवतो. एका हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट. मुंबईत पावसाळ्यात दाब १००२-१००३ पर्यंत उतरतो, हिवाळ्यात १०१३ च्या आसपास किंवा वर. कोणी जुलैत १०१३ वरच राहिला तर त्याचं यंत्र ३०० फूट जास्त दाखवेल. त्याला वाटेल आपण ८०० वर आहोत, असेल ५०० वर, समोरून येणाऱ्याच्या उंचीत. आणि दाब बरोबर लावूनही यंत्राची स्वतःची चूक असतेच. वॉशिंग्टनच्या तपासात त्याच प्रकारच्या हेलिकॉप्टरांची चाचणी घेतली तर ८० ते १३० फुटांचा फरक सापडला. आता वर धागाकर्त्यांनी लिहिलेले ते ७५ फूट परत वाचा.

त्यामुळे उंचीवर वाटा वेगळ्या करायच्या तर मध्ये निदान ५०० फूट हवेत. तेवढी जागा नसेल तिथे उंचीच्या भरवशावर राहायचं नाही, काठ वेगळे करायचे किंवा एक पार होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं. हेलिकॉप्टरला हवेत थांबता येतं, ही सोय विमानाला नाही. घणसोलीवर दोन मिनिटं गोल फिरत राहा म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. मागे बसलेले साहेब कुरकुरतात, पण ते कुठेही कुरकुरतात.

---

उलवेकर
सोमवार, सकाळी १०.१०

घणसोलीवर गोल फिरा, उलव्यावर नको. +१

---

घणसोलीची
सोमवार, सकाळी १०.१२

अहो!!